फाउंड्रीत नवीन पोरांना व्हीआरवर ट्रेनिंग द्यावं का? उद्यमबागेतून विचारतोय

उद्यमबागकर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मेल्टिंग आणि पोअरिंगचा, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कामाचा, सुपरवायझर आहे. बावीस वर्षं याच कामात गेली. मागच्या आठवड्यात पुण्याहून दोघे जण व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, डेमो घेऊन आले होते. डोक्याला हेडसेट लावायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे, की समोर अख्खी फाउंड्री उभी राहते. भट्टी, रस वाहून न्यायचं दांड्याचं भांडं म्हणजे लॅडल, साच्यांच्या बॉक्सच्या रांगा, डोक्यावर क्रेन. लॅडल न तापवता वितळलेल्या धातूचा रस घेतला तर स्फोट होतो, सगळं लाल होतं आणि 'तुम्ही नापास' अशी पाटी येते. मालकांनी मला विचारलंय, घ्यायचं का? गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

एवढं मनावर का घेतलंय ते सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी खानापूर भागातला एक पोरगा आमच्याकडं लागला. कामावर येऊन तीन आठवडे झाले होते. जुलैचा महिना, बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. हातलॅडलला आदल्या दिवशी नवीन अस्तर दिलेलं, वरून कोरडं खडखडीत दिसत होतं. आत ओल होती. १४०० अंशाचा रस त्यात पडला आणि उसळला. थोडासाच उसळला, पण तो त्याच्या बुटात गेला. लेसचा बूट होता. लेसची गाठ सोडवेपर्यंत जो वेळ गेला, तो मी अजून मोजतो.

त्याला ट्रेनिंग दिलं नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः त्याला कागद वाचून दाखवला होता. सातवा मुद्दा, 'लॅडल पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी.' खाली त्याची सही आहे. ओल्या अस्तरात रस पडल्यावर काय होतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. कागदात ते दिसणार कुठून?

म्हणून विचारतोय. ज्यांनी असलं ट्रेनिंग घेतलंय किंवा दिलंय, त्यांनी खरं काय ते सांगा.

मच्छे_सेटर | सोमवार, रात्री १०.१५

मी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, सेटर आहे. आयटीआयला असताना आम्हाला कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनेलचं सिम्युलेटर होतं. हेडसेट वगैरे नाही, साधा पडदा. टूल ऑफसेटमध्ये उणे चिन्ह टाकायचं विसरलो, पडद्यावर टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसलं. सरांनी 'सायकल स्टार्ट'च्या आधी तीन गोष्टी मोठ्यानं बोलायला लावल्या. आज अकरा वर्षं झाली, मी अजून त्या तीन गोष्टी पुटपुटतो. खऱ्या मशीनवर तीच चूक झाली असती तर स्पिंडल गेलं असतं. माझं मत, घ्या.

चोर्ला_रोड | मंगळवार, सकाळी ६.२०

मी बेळगाव-गोवा मालाचा ट्रक चालवतो. एकदा लायसन्सच्या कामात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसायला मिळालं. धुकं, पाऊस, समोरून येणारी बस, सगळं होतं. नवख्याला गिअर आणि आरसा शिकवायला ते चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण चोर्ला घाट उतरताना ब्रेकचा लायनर तापला की एक वास येतो. करपल्यासारखा. तो वास आला की मी वळणाच्या आधीच गिअर खाली टाकतो, पाय ब्रेकवरून काढतो. हे मला माझ्या वस्तादानं शेजारी बसून शिकवलं, 'आला का वास?' असं विचारून विचारून. मशीनमध्ये वास नव्हता.

तुमच्या भट्टीलाही असं काहीतरी असेल ना, जे डोळ्याला दिसत नाही? ते कोण शिकवणार, ते आधी ठरवा.

वॉर्डातली_ताई | मंगळवार, दुपारी ३.०५

दादा, तुमच्या त्या पोराबद्दल वाचून हात थांबला. मी प्रसूती विभागात सिस्टर आहे, वीस वर्षं होत आली. आमच्याकडं असलं शिक्षण गॉगल येण्याच्या आधीपासून आहे आणि त्यात बेळगावचा मोठा वाटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पहिल्या एका मिनिटात त्याला श्वास द्यावा लागतो. पुसायचं, चोळायचं, तरी श्वास नाही तर पिशवी आणि मास्क लावून हवा द्यायची. वाचायला चार ओळी. पण खरं निळं बाळ हातात आलं की त्या चार ओळी डोक्यातून निघून जातात. २०१० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचं प्रशिक्षण काढलं. त्यात एक बाहुली असते. ती कोमट पाण्यानं भरायची, म्हणजे खऱ्या बाळाएवढी जड आणि उबदार लागते. मान लटकते. शिकवणाऱ्याच्या हातात रबरी फुगे असतात, ते दाबले की बाळ रडतं, श्वास घेतं, नाळेत ठोका लागतो. तुम्ही मास्क नीट बसवला नाही तर छाती वर येत नाही. बस्स. पडदा नाही, वीज नाही.

बेळगाव परिसरातल्या ग्रामीण आरोग्य केंद्रांपासून शहरातल्या रुग्णालयांपर्यंत ५९९ जणांना हे शिकवलं आणि आधीच्या व नंतरच्या बाळंतपणांची नोंद ताडून बघितली. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. मृत जन्मांचं प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं होतं. त्यातही प्रसूतीच्या थोडंच आधी गेलेली म्हणून लिहिली जाणारी बाळं १.७ वरून ०.९ वर. याचा अर्थ काय होतो ते बघा. 'मेलेलं जन्मलं' म्हणून आपण कापडात गुंडाळत होतो, त्यातली काही मेलेली नव्हती. त्यांना कुणी श्वास दिला नव्हता.

आता माझा अनुभव. पहिल्यांदा मी बाहुलीवर केलं तेव्हा माझा मास्क डोळ्यांवर बसला होता आणि मला ते कळलं नाही. मी पंपत राहिले. शिकवणाऱ्या बाई रागावल्या नाहीत, त्यांनी थांबवलं नाही. मिनिट संपल्यावर एवढंच विचारलं, 'छाती वर येत होती का?' मी म्हटलं, बघितलीच नाही. 'मग कुठं बघत होतीस?' मी घड्याळाकडं बघत होते. पुढची वीस मिनिटं आम्ही सहा जणी फक्त यावरच बोललो, की त्या मिनिटात डोळे कुठं असावेत. मला जे शिकायला मिळालं ते त्या वीस मिनिटांत.

तुमच्या गॉगलवाल्यांना एक विचारा. 'नापास' अशी पाटी आल्यानंतर काय? पोराशी कोण बोलणार, किती वेळ बोलणार? आणि सहा महिन्यांनी परत सराव आहे का? आमच्यात सराव सुटला की हात दोन महिन्यांत जड होतात. म्हणून बाहुली आता लेबर रूमच्या बाजूच्या टेबलावरच असते, ड्युटी सुरू होताना पाच मिनिटं करून जायचं.

उद्यमबागकर | मंगळवार, रात्री ९.००

ताई, 'कुठं बघत होतीस' हा प्रश्न वाचल्यापासून डोक्यात राहिला. आमच्यात कुणी असं विचारत नाही. काही घडलं की 'कशाला गेलास तिकडं' एवढंच.

चोर्लावाले दादा, बरोबर बोललात. ओल्या लॅडलला वास नाही, पण तापवताना आधी वाफ सुटते आणि मग अस्तराचा रंग बदलतो. जुन्या माणसाला तो रंग कळतो. डेमोत लॅडलवर हिरवी खूण येत होती, 'तयार' म्हणून. आमच्या शॉपमध्ये हिरवी खूण कोण दाखवणार?

कामगार_नावगे | मंगळवार, रात्री ११.३०

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी फेटलिंगला, म्हणजे ओतलेले तुकडे घासून साफ करायच्या कामाला, कंत्राटी आहे. आमच्याकडं एका ठिकाणी असलं कॉम्प्युटर ट्रेनिंग आणलं होतं. सगळ्यांचे गुण साठवून ठेवले. पुढं एकाच्या बोटाला लागलं तेव्हा त्याला तेच गुण दाखवले, 'तुला शिकवलं होतं, तू पास झाला होतास, मग तुझीच चूक.' नुकसानभरपाईच्या वेळी तो कागद पुढं आला. आधी सहीचा कागद होता, आता गुणांचा कागद.

सुपरवायझर साहेब, त्या पोराच्या पायात लेसचा बूट कुणी दिला? पायावर चामड्याचे गेटर, म्हणजे नडगी आणि बूट झाकणारं आवरण, का नव्हते? तुमचं भंगार आजही उघड्यावर पडतंय का? जुलैत त्या भंगारात पाणी असणारच, आणि बंद नळीत किंवा जुन्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये पाणी राहिलं तर भट्टीतच बार उडतो. १९८७ साली कारखाना कायद्यात कलम १११-ए घातलं, त्यात सुरक्षेचं शिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलं. हक्क आमचा आहे. त्याच्यातून पुरावा मालकाचा तयार होत असेल तर ते ट्रेनिंग मला नको.

उद्यमबागकर | बुधवार, सकाळी ७.१०

राग कशाचा. बूट कंपनीनं दिलेला नव्हता, तो घरून घालून आला होता आणि मी बघून गप्प बसलो, कारण त्या आठवड्यात स्टोअरमध्ये त्याच्या मापाचा बूट नव्हता. हे मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. भंगार अजून उघड्यावरच आहे. शेडचा विषय तीनदा काढला, तीनदा मागं पडला. यावेळी दोन्ही गोष्टी एकत्रच मालकांसमोर ठेवतो. गुण साठवायचे नाहीत ही अटही घालतो. तुमचं म्हणणं मला पटलंय.

कंट्रोलरूम | बुधवार, दुपारी १.४५

केमिकल प्लांटमध्ये पॅनेलवर काम करतो. नावगेच्या भावांनी जे लिहिलं त्याच्या शेजारची एक गोष्ट सांगतो, कारण सिम्युलेटर चुकीचंही शिकवू शकतं हे विसरून चालत नाही.

२८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि त्यातून पाणी निघून जाऊ लागलं. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखा, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नव्हता, बंद होण्याचा आदेश गेलाय एवढंच दाखवत होता. आणीबाणीचं पाणी आपोआप सुरू झालं होतं. ऑपरेटरनी ते हातानं कमी केलं. का? सिम्युलेटरवर त्यांना वर्षानुवर्षं घोकून दिलं होतं की सगळ्यात मोठा धोका म्हणजे टाकी पाण्यानं काठोकाठ भरणं. ते शिकवल्याप्रमाणंच वागले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. जो प्रसंग घडला तो त्या सिम्युलेटरमध्ये कधी दाखवलाच नव्हता. त्यानंतर अमेरिकेत प्रत्येक केंद्राच्या स्वतःच्या कंट्रोल रूमसारखं सिम्युलेटर असावं यावर भर आला.

तुम्हाला दाखवलेली ती फाउंड्री कुणाची होती? तुमची नक्की नव्हती. तिच्यात दार उजवीकडं असेल आणि तुमच्यात डावीकडं, तर पोरगं घाबरल्यावर कुठं पळेल?

पिक्सेल_खानापूर | बुधवार, रात्री १०.५०

मी मूळचा खानापूरचा, सध्या हुबळीत गेम आणि थ्रीडीचं काम करतो. तांत्रिक बाजू मी सांगतो, कुणाचं काही विकत नाही.

पहिली गोष्ट, हे काही काल आलेलं खूळ नाही. एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांवर त्यानं एक छोटं लाकडी विमान बसवलं, दांडा हलवला की ते डोलायचं, वळायचं. साल १९२९. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. १९३४ साली अमेरिकेत टपालाची विमानं सैन्याकडं दिली आणि खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा सैन्यानं त्याचे सहा डबे विकत घेतले. उद्यमबागकर काका, आपल्याकडंही एक पाय भाजल्यावरच चर्चा सुरू झाली, म्हणून हे आठवलं.

आता हेडसेटचं. दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात तुम्ही फक्त मान फिरवून आजूबाजूला बघता, ३६० अंशांच्या व्हिडिओत बसल्यासारखं. दुसऱ्यात तुम्ही चाललात, वाकलात तर आतलं जगही तसं सरकतं. कामाच्या हालचाली शिकवायच्या तर दुसराच प्रकार हवा. पहिल्यात माणूस पाऊल टाकतो आणि चित्र जागेवरच राहतं. डोळे म्हणतात थांबलोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हललोय, आणि मग मळमळ सुरू. ज्याला मळमळलं त्याला लगेच काढू द्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर नको.

हेडसेट आता फार महाग राहिले नाहीत, क्वेस्ट ३एस २०२४ साली अमेरिकेत ३०० डॉलरला आला. पैसा जातो तो आतलं जग बांधण्यात. तयार पॅकेज स्वस्त पडतं, पण ते कुणा दुसऱ्याच्या फाउंड्रीचं असतं. कंट्रोलरूम साहेबांचा प्रश्न अगदी नेमका आहे. दिसायला साधं चालेल, भिंती ठोकळ्यासारख्या चालतील, पण अंतरं तुमच्या शॉपची पाहिजेत. टेप घेऊन मापं काढली तर मी दोन रविवारांत कच्चं मॉडेल उभं करून देतो. पैसे नकोत. तो पोरगा आमच्या बाजूचा आहे.

अजून एक. रिकाम्या कंट्रोलरनं लॅडल उचलायला शिकवू नका. हाताला वजन नसेल तर हात खोटं शिकतो. खरं लॅडल घ्या, त्यात कोरडी वाळू भरा, कंट्रोलर दांड्याला पट्ट्यानं बांधा. डोळ्याला रस दिसेल, हाताला वजन लागेल.

बैलहोंगलचा_अण्णा | गुरुवार, सकाळी ८.३०

माझी मातृभाषा कन्नड, पण शाळा शहापुरात आणि मित्र सगळे मराठी, म्हणून इथं लिहितो. चूक झाली तर सांभाळून घ्या.

डेमोतलं मशीन कुठल्या भाषेत बोलत होतं? माझ्या शॉपमध्ये असंच एक आलं होतं, ते शुद्ध हिंदीत बोलायचं. आमच्या पाळीत खानापूरचे मराठी, सौंदत्ती-बैलहोंगलचे कन्नड, आणि बिहार-ओडिशाची पोरं. कागदावर भाषा कुठलीही लिहा, पण घाबरल्यावर माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो.

आमच्याकडं घडलेलं सांगतो. क्रेनखाली बॉक्स चालला होता. कन्नड मेस्त्री ओरडला, 'सरी! सरी!' कन्नडमध्ये सरी म्हणजे बाजूला हो. पण सरी म्हणजे 'बरोबर, ठीक आहे' असंही होतं. खाली उभा असलेला मराठी पोरगा बाजारापुरतं कन्नड शिकलेला, त्याला दुसराच अर्थ ठाऊक. त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला. दुसऱ्यानं दंड धरून ओढला म्हणून वाचला. त्या दिवसापासून आमच्या शॉपमध्ये बाजूला हो म्हणायला एकच शब्द ठरवलाय, 'हट'. तिन्ही भाषांच्या पोरांना तो कळतो. कुणाच्या भाषेचा मान-अपमान नाही त्यात, जीव आहे.

तुम्ही मॉडेल करणार असाल तर आतला आवाज तुमच्याच मेस्त्रीचा भरा. कन्नड आवाज लागला तर मी येतो.

वडगावची_नात | गुरुवार, रात्री ९.२५

मी माझ्या आजोबांच्या वतीनं लिहितेय. ते उद्यमबागेत पस्तीस वर्षं मोल्डर आणि पोअरर होते. मी त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ते बोलले ते तसंच लिहिते.

'आमच्या टायमाला गॉगल नव्हता बाळ, पण तालीम हुती. मला मेस्त्रीनं पहिलं दोन महिनं रस घिऊ दिला न्हाई. रिकामं लॅडल, दोन मान्सं, म्होरं मी, मागं त्यो. नुस्तं चालायचं. भट्टीपासनं बॉक्सापत्तोर, परत भट्टी. पाऊल चुकलं की त्यो मागनं दांडा दाबायचा, मला खांद्याला कळायचं. मग त्यात वाळू भरली. वाळू सांडली की जितकी सांडली तितकी हातानं गोळा करायची. मी म्हनायचो, ह्ये काय बायकांचं काम लावलंय. त्यो म्हनायचा, रस असता तर गोळा करायला पाय ऱ्हायला असता काय तुझा? रस घ्यायच्या आधी चाल शिक.

आता पोरांला तिसऱ्या दिवशी रसावर घालत्यात. मानूस कमी, आर्डर जास्त. गॉगलनं का असंना, ती दोन महिन्यांची चाल परत येत असंल तर येऊ द्या. पण मागचा दांडा कोन धरनार त्ये बघा.'

काका, आजोबांना अजून चालता येतं नीट. गुडघे धरतात, पण हात घट्ट आहेत. ते म्हणतायत, मला बोलवा.

मच्छे_सेटर | गुरुवार, रात्री ९.५०

आजोबांना नमस्कार सांगा. मागचा दांडा हे भारी आहे.

उद्यमबागकर | गुरुवार, रात्री ११.००

आज मालकांशी दीड तास बोललो. तयार पॅकेज घ्यायचं नाही असं ठरलं. त्या पैशांत दोन हेडसेट, सगळ्यांना बिनलेसचे बूट आणि गेटर, आणि भंगाराची शेड. शेडच्या नावावर ते थोडे थांबले. मी त्यांना त्या पोराची सही असलेला कागद दाखवला, सातवा मुद्दा बोटानं दाखवला. मग बोलले नाहीत. हो म्हणाले.

पिक्सेल, रविवारी या. जेवण माझ्याकडं. आजोबा, तुमच्यासाठी गाडी पाठवतो.

उद्यमबागकर | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.१५

धागा वर आणतोय, काय झालं ते सांगायचं राहिलंय.

पिक्सेल दोन रविवार येऊन मापं घेऊन गेला. भट्टीपासून पहिल्या बॉक्सपर्यंत नऊ पावलं, मधला उंबरा, डावीकडचे कोअरचे, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यांचे, रॅक, पाण्याचा नळ, सगळं जागच्या जागी. दिसायला ओबडधोबड आहे, पण आमच्या पोरांनी हेडसेट लावल्याबरोबर 'अरे, हे आपलंच' म्हटलं. मराठी आवाज माझा, कन्नड आवाज बैलहोंगलच्या अण्णांचा, हिंदी आवाज आमच्याच मेल्टिंगमधल्या एका बिहारी पोराचा. 'हट' हा शब्द तिन्हींत तोच ठेवला. पॅटर्न स्टोअरची एक खोली रिकामी करून तिथं सराव घेतो.

लॅडलच्या सरावात वाळू भरलेलं खरं लॅडल. पुढं हेडसेट लावलेला पोरगा, मागचा दांडा आजोबांच्या हातात, त्यांच्या डोळ्याला काही नाही. पोराच्या खांद्यात कंप आला की त्यांना दांड्यातून कळतं. ते तोंडानं काही बोलत नाहीत, दांडा किंचित दाबतात. पोरगा सावरतो. हे मी पुढून उभा राहून बघितलं तेव्हा मला चोर्लावाल्या दादांचे वस्ताद आठवले.

आता खरी गोष्ट. दुसरा प्रसंग आम्ही असा घातला होता की बॉक्स फुटून रस बाहेर येतो, शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला 'हट' अशी हाक जाते, त्यानं मागं सरायचं. अकरा पोरांनी केलं. त्यातले सात डावीकडं मागं सरले आणि आतल्या कोअरच्या रॅकमध्ये जाऊन अडकले. जुन्या पद्धतीनं बघितलं असतं तर सात जण नापास. ताईंचा प्रश्न मी विचारला, 'हाक आली तेव्हा कुठं बघत होतास?' सगळ्यांचं उत्तर एकच. दाराकडं. दार डावीकडं आहे. म्हणजे पोरं बरोबर दिशेनं जात होती आणि रॅक वाटेत होते. ते रॅक गेली आठ वर्षं तिथंच आहेत. रोज त्यांच्या बाजूनं मी चाललोय.

सोमवारी रॅक हलवले. दाराची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखली. मग परत अकराही जणांकडून करून घेतलं, सगळे बाहेर निघाले. गुण लिहिलेले नाहीत, नावंही नाहीत. नावगेचे भाऊ येऊन बघून गेले आणि त्यांच्या पाळीच्या दोघांना घेऊन आले.

दोन पोरांना मळमळलं. त्यांना हेडसेटशिवाय नुसत्या वाळूच्या लॅडलवर चालवतो. त्यांचं काही अडलेलं नाही.

खानापूरचा तो पोरगा आता आमच्या स्टोअरला असतो, बसून काम. पहिल्या दिवशी तो खोलीच्या दाराशी उभा राहून बघत होता. मी आत ये म्हटलं नाही, त्याच्यावर सोडलं. चौथ्या दिवशी तो स्वतः आत आला, लॅडलच्या अस्तरावर हात फिरवून नव्या पोरांना म्हणाला, 'ह्ये वरनं कोरडं दिसतंय न्हवं? त्या दिवशी पन असंच दिसत हुतं.' मग त्यानं बर्नर लावायला लावला आणि वाफ थांबेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. किती वेळ लागला ते सगळ्यांनी घड्याळात बघितलं. आता तो धडा तोच देतो.

शेडचे पत्रे अजून यायचेत. मृगाच्या आधी चढवायचे आहेत.

वॉर्डातली_ताई | रविवार, रात्री ८.००

दादा, सराव सुटू देऊ नका. पाळी सुरू होताना पाच मिनिटं तरी.

उद्यमबागकर | रविवार, रात्री ८.१०

दर शनिवारी ठेवलाय ताई. रोज पाच मिनिटांचं उद्यापासून बघतो.

वडगावची_नात | रविवार, रात्री ८.४५

आजोबा विचारतायत, येत्या शनिवारी किती वाजता? आणि लॅडलमधली वाळू बदला म्हणतायत, तिला ओल धरलीय.

उद्यमबागकर | रविवार, रात्री ८.५०

आठ वाजता गाडी पाठवतो. वाळू उद्याच बदलतो.